आरेतील गोल फेरा : ज्येष्ठांच्या टेकडीवरील चालण्याचे नियोजन

पावसाळा ओसरून हवा कोरडी होऊ लागली, की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, आरेत फिरायला गेलो तर चालेल ना?’ प्रश्न ज्येष्ठ व्यक्तीचा असतो. पण सोबत आलेल्या मुलाच्या किंवा सुनेच्या चेहऱ्यावरून दिसते, की उत्तर त्यांनाच अधिक हवे आहे. त्यांची अपेक्षा बहुधा अशी, की डॉक्टरांनी ‘नको’ म्हणावे आणि विषय मिटावा. ज्येष्ठांची अपेक्षा नेमकी उलट असते.

केवळ ‘जा’ किंवा केवळ ‘जाऊ नका’ ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. इमारतीच्या आवारातील सपाट फेऱ्या आणि चढउताराच्या, निवांत, झाडीतल्या रस्त्यावरचे चालणे यांत मोठा फरक आहे. आवारात दमल्यास लिफ्ट पन्नास पावलांवर असते. टेकडीवरच्या रस्त्यावर दमल्यास काय करायचे, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. ते ठरलेले असेल, तर सत्तरी ओलांडलेल्या बहुतेकांना हे चालणे शक्य आहे आणि हितावहही आहे. ते कसे ठरवावे, हा आजच्या लेखाचा विषय.

चढावर चालावे कशासाठी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पासष्ट वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल व स्नायूंची ताकद वाढविणारे व्यायामही करावेत. मध्यम श्रम ओळखण्याची सोपी खूण अशी : चालताना बोलता येते, पण गाणे म्हणता येत नाही. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर श्रम मध्यम राहिलेले नाहीत.

सपाटीवर संथपणे चालणाऱ्या अनेक ज्येष्ठांचे श्रम या मध्यम पातळीपर्यंत पोहोचतच नाहीत. सौम्य चढावर ते वेग न वाढवता पोहोचतात. शिवाय किंचित उंचसखल रस्ता घोट्यांना आणि तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला काम देतो. ते काम गुळगुळीत फरशीवर होत नाही.

याउलट, पडण्याच्या भीतीने घरात बसून राहण्याची किंमतही मोजावी लागते. निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस अंथरुणावर पूर्ण विश्रांती दिली असता त्यांच्या दोन्ही पायांतील मिळून सुमारे एक किलो स्नायू घटले, असे संशोधनात आढळले आहे. घरातील व्यक्ती अंथरुणावर नसते हे खरे. परंतु खुर्ची, पलंग आणि दूरदर्शन संच यांच्यापुरते आयुष्य आखडले, की वाटचाल त्याच दिशेने होते. पाय दुर्बळ होतात, म्हणून पडण्याचा धोका वाढतो; धोका वाढला, म्हणून बाहेर पडणे आणखी कमी होते. ‘बाबा, तुम्ही घरीच बसा’ हे वाक्य काळजीपोटीच उच्चारले जाते, पण ते सुरक्षित असतेच असे नाही.

आरेची भूमी

१९४९ साली मुंबईतील म्हशींचे गोठे शहरवस्तीतून बाहेर हलविण्याच्या हेतूने गोरेगावच्या पूर्वेस आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली. सुमारे १,२८७ हेक्टरांच्या या परिसरात ३२ युनिटे, म्हणजे गोठ्यांचे समूह, वसविण्यात आले. त्यांना जोडणारे अंतर्गत रस्ते आजही टेकड्यांच्या अंगाखांद्यावरून वळणे घेत जातात. चालणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण एका रस्त्याने जाऊन दुसऱ्याने परत येता येईल अशा जागा येथे सापडतात. छोटा काश्मीर उद्यान व तेथील तळे, पिकनिक पॉइंट आणि त्यांच्या आसपासचा परिसर मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्यांच्या ओळखीचा आहे. आज सत्तरीत असलेले कित्येक जण शाळेच्या सहलीला येथेच आले होते. त्यामुळे आरेत जाण्याची इच्छा ही पुष्कळदा केवळ व्यायामाची इच्छा नसते, आणि घरच्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आरेची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ही भूमी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे आणि येथे बिबट्यांचा वावर आहे. मुख्य रस्त्यावरून मरोळ-पवईच्या दिशेने वाहनांची सतत ये-जा असते. अंतर्गत रस्त्यांवर काही ठिकाणी खड्डे, काही ठिकाणी शेवाळ आणि पुष्कळ ठिकाणी भटकी कुत्री आढळतात. या सर्वांचा विचार करूनच फेरा आखावा.

गोल फेऱ्याचे गणित

गेलेल्या वाटेनेच परत यायचे असेल, तर हिशेब सोपा असतो. दमलो, की मागे वळायचे. जितके आलो तितकेच परत जायचे. गोल फेऱ्यात तसे होत नाही. समजा, फेरा अडीच किलोमीटरांचा आहे. सव्वा किलोमीटरावरील बिंदू हा घरापासून किंवा वाहनापासून सर्वांत दूरचा. तेथे गुडघा दुखू लागला, तर पुढे जा वा मागे फिरा, अंतर सारखेच उरते. म्हणून गोल फेरा आखताना आरंभबिंदूइतकेच, किंबहुना त्याहून अधिक लक्ष या मध्यबिंदूकडे द्यावे. मध्यबिंदूशी तीन गोष्टी असाव्यात : बसण्यासाठी कट्टा किंवा बाक, रिक्षा किंवा मोटार येऊ शकेल असा रस्ता, आणि मोबाइलचा संपर्क. या तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर तो फेरा कितीही सुंदर असला तरी ज्येष्ठांसाठी निवडू नये.

याहून चांगली रचना म्हणजे मराठी चारच्या आकड्यासारखा, दोन पाकळ्यांचा फेरा. मोटार उभी केलेली जागा किंवा उद्यानाचे प्रवेशद्वार मध्यभागी ठेवावे. प्रथम एका बाजूची लहान पाकळी चालावी, पुन्हा मध्यभागी यावे, पाच-दहा मिनिटे बसावे आणि मगच दुसऱ्या पाकळीचा निर्णय घ्यावा. पहिल्या पाकळीनंतर थांबणाऱ्याला ‘अर्ध्यातून परतलो’ असे वाटत नाही, कारण एक फेरा पूर्ण झालेला असतो. ज्येष्ठांच्या बाबतीत ही भावना महत्त्वाची आहे. बरोबरच्यांचा विरस होऊ नये म्हणून दुखणे लपवून चालत राहणारे पुष्कळ असतात, आणि अपघात बहुधा त्यांनाच होतात.

वेळेचा अंदाज किलोमीटरांवरून बांधू नये. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक नियम सांगितला. ब्रिटनमधील स्कॉटलंड, वेल्स येथील डोंगरांत भटकणारे लोक आजही त्याच्या आधारे आखणी करतात. त्याचा मथितार्थ असा, की सपाट अंतरासाठी ताशी सुमारे पाच किलोमीटर हा वेग धरावा आणि प्रत्येक दहा मीटर चढासाठी एक मिनिट अधिक मोजावे. हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. आपण तो बदलून घ्यावा. ज्येष्ठांसाठी ताशी तीन किलोमीटर वेग धरावा आणि दहा मीटर चढाला दोन मिनिटे मोजावीत. अडीच किलोमीटरांना पन्नास मिनिटे होतात. एकूण चढ चाळीस मीटर, म्हणजे साधारण तेरा मजल्यांच्या उंचीइतका असेल, तर त्याची आठ मिनिटे. चार-चार मिनिटांचे तीन विसावे धरले, तर बारा मिनिटे. एकूण सत्तर मिनिटे झाली. तरुण मुलगा हाच फेरा पस्तीस मिनिटांत करून येतो आणि ‘अर्ध्या तासाचे तर काम’ असे सांगतो. गैरसमज तेथूनच सुरू होतात.

चढ कोणाला जड, उतार कोणाला जड?

गोल फेरा दोन दिशांनी चालता येतो, आणि कोणती दिशा निवडावी हे आपल्या प्रकृतीवर अवलंबून असते. सर्वसाधारण समज असा, की चढ कठीण आणि उतार सोपा. तो हृदय आणि फुप्फुसांपुरता खरा आहे. गुडघ्यांच्या बाबतीत बहुधा उलट असते. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूला ताणले जात असतानाच शरीराचा भार आवरावा लागतो आणि गुडघ्याच्या वाटीवरील दाब वाढतो. म्हणूनच गुडघ्यांची झीज झालेल्यांना जिना चढण्यापेक्षा उतरणे नकोसे वाटते. सवय नसता बराच उतार उतरल्यास मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखतात, तेही याच कारणाने.

ज्यांची मुख्य तक्रार गुडघ्यांची आहे, त्यांनी तीव्र बाजूने चढावे आणि सौम्य बाजूने उतरावे. ज्यांना धाप लागते, त्यांनी चढासाठी सौम्य बाजू निवडावी. दोन्ही तक्रारी असतील, तर त्या फेऱ्यात तीव्र बाजू असूच नये. जवळजवळ सपाट असा दुसरा फेरा शोधावा.

पाय दुखण्याचे आणखी दोन प्रकार येथे सांगणे आवश्यक आहे, कारण चढउतार हीच त्यांची परीक्षा ठरते. ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत गोळा येतो, चढावर तो लवकर येतो आणि नुसते उभे राहिल्यावर काही मिनिटांत शमतो. असे असेल, तर पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची शंका घ्यावी. मधुमेही आणि धूम्रपान करणाऱ्यांत हे अधिक आढळते. याउलट, दोन्ही पाय जड होतात, मुंग्या येतात, उतारावर त्रास वाढतो, चढावर तुलनेने बरे वाटते आणि उभे राहून थांबत नाही, तर बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावर थांबते. असे असेल, तर कमरेच्या मणक्यातील मज्जारज्जूची नळी अरुंद झालेली असू शकते. दोन्हींची तपासणी व उपचार वेगवेगळे आहेत. ‘वयामुळे पाय दुखतात’ असे म्हणून ही लक्षणे सोडून देऊ नयेत. कोठे दुखले, चढावर की उतारावर, आणि काय केल्याने थांबले, एवढ्या तीन गोष्टी लिहून आणल्यास डॉक्टरांचे अर्धे काम होते.

एका गुरुजींचा फेरा

माझ्याकडे येणारे एक निवृत्त शिक्षक शहात्तर वर्षांचे आहेत. रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही गोळ्यांवर नियंत्रणात, उजवा गुडघा झिजलेला. गेल्या वर्षी न्हाणीघरात घसरले. हाड मोडले नाही, पण घरच्यांनी बाहेर जाणे बंद केले. चार महिन्यांनी ते तपासणीस आले, तेव्हा खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही हातांचा आधार घ्यावा लागत होता. पूर्वी लागत नसे.

त्यांची मुलगी म्हणाली, ‘डॉक्टर, बाबा सारखे आरे आरे करतात. तिथे पडले तर उचलायला कोण येणार?’ प्रश्न रास्त होता. मी म्हटले, ‘ताई, हाच प्रश्न कागदावर लिहा आणि त्याचे उत्तर शोधून आणा. मग गुरुजींना पाठवू.’

पहिले दीड महिना गुरुजींनी घरीच खुर्चीतून उठण्या-बसण्याचा आणि ओट्याला धरून टाचा उचलण्याचा सराव केला, तसेच आवारात रोज फेऱ्या घातल्या. त्यानंतरच्या एका रविवारी मुलगी एकटीच वही घेऊन आरेत गेली. बसण्याच्या जागा, खड्डे, स्वच्छतागृह, कुत्र्यांचा घोळका आणि रिक्षा मिळण्याची ठिकाणे तिने टिपून आणली. दुसऱ्या रविवारी दोघे मिळून फक्त लहान पाकळी चालले. तिसऱ्या रविवारी दुसरी पाकळी घेतली. तिच्या मध्यावर गुरुजी कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, ‘बाळ, आता रिक्षा कर.’ रिक्षा करून ते घरी आले. मुलीला वाटले, बेत फसला. माझ्या मते त्या दिवशी तो सर्वार्थाने यशस्वी झाला. थांबावे केव्हा हे चालणाऱ्याने स्वतः ओळखले, थांबण्याची सोय होती आणि कोणी त्यांना ‘अजून थोडंच राहिलंय’ असे म्हटले नाही. आज ते सगळा फेरा चालतात की नाही, याला फारसे महत्त्व नाही. महत्त्वाचे हे, की आता ते खुर्चीतून हातांच्या आधाराविना उठतात आणि रविवारी सकाळी बूट स्वतः काढून ठेवतात.

निघण्यापूर्वी घरातील चाचणी

हातांच्या खुर्चीत बसावे. उठून तीन मीटर नेहमीच्या गतीने चालावे, वळावे, परत येऊन बसावे. सोबत्याने घड्याळ लावावे आणि जवळ उभे राहावे. बारा सेकंद किंवा अधिक वेळ लागला, तर पडण्याची शक्यता वाढलेली आहे असे समजावे. अशा व्यक्तीने आधी काही आठवडे पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम करावेत. टेकडीचा बेत नंतर आखावा.

पुढील व्यक्तींनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून चढावर जाऊ नये : अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेले किंवा अँजिओप्लास्टी झालेले, चालताना छातीत दडपण येणारे, भोवळ येऊन शुद्ध हरपलेले, नव्याने धाप लागू लागलेले, रक्तदाब १८०/११०च्या घरात राहणारे, गेल्या सहा महिन्यांत पडलेले व त्याचे कारण न तपासलेले, आणि पायाला जखम असलेले मधुमेही.

वेळ, बिबट्या आणि वाहने

‘पहाटे फिरणे उत्तम’ हा आपल्याकडचा जुना संस्कार. आरेपुरता तो बाजूला ठेवावा. पहाट आणि तिन्हीसांजेनंतरचा काळ हा बिबट्याच्या वावराचा काळ असतो. सप्टेंबर २०२१ मध्ये आरे परिसरात माणसांवर हल्ल्यांच्या काही घटना घडल्या; त्यांपैकी एका प्रसंगी संध्याकाळी घराबाहेर बसलेल्या एका वृद्ध महिलेने हातातील काठीनेच बिबट्याला परतवले. ऑक्टोबर २०२२ मध्ये दिवाळीच्या पहाटे एका तान्ह्या मुलीचा बळी गेला. आरेच्या पाड्यांतील आदिवासी वाघदेवाला पूजतात आणि वाघबारस पाळतात. या शेजाऱ्याबरोबर राहण्याचा त्यांचा अनुभव पिढ्यांचा आहे. रविवारी सकाळी येणाऱ्या आपल्यासारख्यांनी निदान त्याची वेळ टाळावी.

म्हणून पूर्ण उजाडल्यावर निघावे. मुंबईत जूनच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीत सव्वासातच्या आसपास. म्हणजे हिवाळ्यात पावणेआठपूर्वी फेरा सुरू करू नये. हिवाळ्याच्या पहाटे प्रदूषित हवा जमिनीलगत कोंडून राहते. दमा किंवा जुनाट खोकला असलेल्यांना उशिरा निघण्याचा हाही एक लाभ. ऑक्टोबरात आणि मार्चनंतर मात्र ऊन लवकर तापते. तेव्हा साडेनऊपूर्वी फेरा संपेल इतका तो लहान ठेवावा.

एकट्याने जाऊ नये. आपसांत बोलत चालावे. झाडीच्या कडेला वाकून किंवा उकिडवे बसू नये, कारण बसलेला माणूस जनावराला लहान दिसतो. बिबट्या दिसलाच, तर पळू नये व पाठ फिरवू नये. उभे राहून हात उंचावावेत, मोठ्याने आवाज करावा आणि सावकाश मागे सरकावे. वनविभागाच्या मदतीसाठी १९२६ हा क्रमांक मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावा. पाचोळ्यात किंवा गवतात पाय घालू नये, कारण आरेत सापही आहेत.

तरीही रोजचा धोका बिबट्यापेक्षा वाहनांचा अधिक. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे चालावे. कमी ऐकू येणाऱ्यांनी श्रवणयंत्र घरी ठेवू नये. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालण्याचा मोह आवरावा. कुत्रा चावलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजविरोधी लस सुरू करावी.

पावसाळ्यात ज्येष्ठांनी टेकडीचे फेरे बंद ठेवावेत, असे माझे मत आहे. शेवाळावरून एकदा घसरणे हे खुब्याचे हाड मोडण्यास पुरेसे असते, आणि पायाला जखम असता साचलेल्या पाण्यातून चालल्यास लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो.

औषधे, न्याहारी आणि लघवीची सोय

मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर चालण्याने अधिक उतरू शकते. निघण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर साखर ९०च्या खाली असेल, तर आधी काही खावे. वाटेत घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसल्यास लगेच बसावे. गिळता येत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी आणि ७०च्या खालीच असेल, तर पुन्हा तेवढीच साखर द्यावी. बीटाब्लॉकर गटातील रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत छातीची धडधड आणि थरथर जाणवेलच असे नाही. तेथे सोबत्याने बोलण्यातील बदलाकडे लक्ष द्यावे.

काहींचा रक्तदाब बसल्यावरून उठताच उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. अशांनी विसाव्यानंतर उठताना आधी घोटे हलवावेत, मग उभे राहून दहापर्यंत अंक मोजावेत आणि मग पाऊल टाकावे. घरी एकदा आडवे असताना आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा वीस किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

लघवीचा प्रश्न संकोचामुळे बोलला जात नाही. परंतु कित्येक स्त्रिया आणि प्रोस्टेटची वाढ झालेले पुरुष केवळ यामुळे फिरणे सोडतात किंवा पाणी पिणे टाळतात. पाणी टाळल्याने भोवळ येते. स्वच्छतागृह कोठे आहे आणि ते किती वाजता उघडते, हे सोबत्याने आधी पाहून ठेवावे. लघवी वाढविणारी गोळी त्या दिवशी परतल्यावर घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. स्वतःच्या मनाने वेळ बदलू नये. हृदयदौर्बल्यामुळे ज्यांना पाण्याचे प्रमाण ठरवून दिले आहे, त्यांनी त्याच मर्यादेत पाणी घ्यावे.

काठी, बूट आणि सोबती

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. हात सैल सोडला असता काठीची मूठ मनगटापाशी यावी, इतकीच तिची उंची असावी. पायरी चढताना आधी चांगला पाय टाकावा, उतरताना आधी दुखरा पाय. बायफोकल चष्म्याच्या खालच्या भागातून जमीन अस्पष्ट दिसते. चालण्यासाठी केवळ दूरचा चष्मा असल्यास उत्तम. बूट पायात रुळलेले, मागून बंद आणि खरखरीत तळव्याचे असावेत. मधुमेहींनी परतल्यावर दोन्ही तळपाय आरशात पाहावेत, कारण त्यांना फोड जाणवेलच असे नाही.

सोबत्याने चढावर किंचित मागे आणि उतारावर किंचित पुढे, बाजूला राहावे. ज्येष्ठांचा दंड धरून ओढू नये. आपला हात पुढे करून त्यांना तो धरू द्यावा, म्हणजे तोल त्यांच्या ताब्यात राहतो. गती सर्वांत संथ चालणाऱ्याची असावी, आणि पुढे जाऊन वाट पाहत उभे राहू नये. मागून धापा टाकत आलेली व्यक्ती पोहोचताच सगळे पुन्हा निघतात, आणि विसावा नेमका ज्याला हवा त्यालाच मिळत नाही.

पिशवीत पाणी, साखर, थोडे खाणे, रुमाल, नेहमीच्या औषधांची यादी, आधार कार्डाची प्रत आणि घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक असावा. हृदयरोग्यांनी जिभेखाली ठेवण्याची गोळी स्वतःच्या खिशात ठेवावी, सोबत्याच्या पिशवीत नव्हे.

केव्हा थांबावे

छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, थंड घाम, अचानक धाप, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात जडपणा किंवा एका बाजूची अशक्तता यांपैकी काहीही जाणवल्यास जागच्या जागी बसावे. ‘गाडीपर्यंत चालत जाऊ’ असे म्हणू नये. छातीच्या दुखण्यासाठी गोळी दिलेली असेल, तर ती बसूनच जिभेखाली ठेवावी. पाच मिनिटांत आराम न पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ज्यांच्याकडे गोळी नाही, त्यांनी पाच मिनिटेही थांबू नये. बोलण्यात जडपणा किंवा एका बाजूची अशक्तता दिसल्यासही लगेच रुग्णवाहिका बोलवावी. आपण कोणत्या युनिटाजवळ आहोत, हे सांगता यावे म्हणून वाटेतील फलक वाचत जाण्याची सवय ठेवावी. आरेसारख्या परिसरात ‘झाडाजवळ आहोत’ या पत्त्यावर कोणी पोहोचू शकत नाही.

या पंधरवड्यात एवढेच करावे : घरातील तरुण व्यक्तीने एक सकाळ काढून फेरा आधी स्वतः, सावकाश चालून पाहावा. एका कागदावर आरंभ, मध्यबिंदू, बसण्याच्या जागा, स्वच्छतागृह आणि रिक्षा मिळण्याचे ठिकाण लिहावे. तो कागद ज्येष्ठांना दाखवावा आणि त्यांनाच विचारावे, ‘यातले किती चालायचे?’ आपल्याकडे ज्येष्ठांच्या बाबतीत निर्णय बहुधा त्यांच्या पश्चात, दुसऱ्या खोलीत घेतले जातात. किती चालायचे, हा निर्णय तरी चालणाऱ्याकडे राहू द्यावा.